डावऱ्याची पट्टी

फिटरबाईनं पंपघराचं दार ढकललं, पिशवी खुंटीला अडकवली आणि वळून पाहते तो काय, इंजिनाच्या डाव्या अंगाच्या सरकपट्टीत छताची तुळई दिसत होती. तुळई दिसत होती, तुळईवरचं कबुतर दिसत होतं, आणि कबुतर मान वाकडी करून खाली बघत होतं तेही दिसत होतं. इतकी लख्ख.

ती जवळ गेली. पट्टीत तिला स्वतःचं तोंड दिसलं, कपाळावरच्या आठीसकट.

"कसं वाटतंय?" मामानं मागून विचारलं. तो चहाचा थर्मास काखेत धरून खांबाला टेकून उभा होता. तिच्या आधी येऊन दबा धरून बसला असावा. "मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. फिटरबाईची मात्र आधी हातात उतरायची. तिनं दोन्ही हात पाटलोणीच्या खिशात कोंबले.

"मशीन कुणाचं वापरलंत?"

"माझंच की. बफिंगचं, हातातलं. आधी जाड एमरी कागद, मग बारीक, मग नमद्याचं चाक आणि शेवटी पॉलिशची वडी. तू कामावर जायचीस तेव्हा रोज थोडं थोडं..." मामा बोलता बोलता अडखळला. लहानपणापासून ही पोर त्याला अरे-तुरे करत आली होती. तिच्या तोंडून 'वापरलंत' निघालं की आतल्या खोलीतल्या मामीलाही कळायचं, आज काहीतरी बिनसलंय.

"आवडलं नाही?"

फिटरबाई पट्टीवरून बोट फिरवत राहिली, आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तशी. बोटाला काहीच लागत नव्हतं.

आता ही पट्टी म्हणजे काय, ते सांगायला हवं. एके काळी इथली इंजिनं गावाला नदीचं पाणी उपसून देत. बॉयलरमधली वाफ पिस्टनला ढकलायची, पिस्टनचा दांडा पुढं-मागं व्हायचा आणि त्या जोरावर दोन पुरुष उंचीचं चाक फिरायचं. त्या दांड्यानं केसभरही डावी-उजवीकडं झुकू नये म्हणून त्याच्या टोकाला एक जड बूट असतो, आणि तो बूट दोन लोखंडी पट्ट्यांवरून सरकतो. उजवी एक, डावी एक. या दोन पट्ट्या सपाट नसतील तर बाकीच्या थाटाला काही अर्थ नाही.

आणि थाट तर असा होता, की फिटरबाई इतकी वर्षं दर रविवारी येऊनही तिचं मन भरलं नव्हतं. सिलिंडरभोवती सागवानी फळ्यांचा अंगरखा, त्यावर पितळी पट्टे. चाक दोन अर्धुकांत ओतलेलं, पण सांधा कुठाय ते नख फिरवूनही सापडू नये. प्रत्येक नटावर बारीक आकडा ठोकलेला आणि त्याच्या बोल्टवर तोच आकडा. म्हणजे उद्या कुणी शंभर नट खोलून ढीग केला तरी ज्याचा त्याला मिळावा. हे सगळं पंपघराच्या बंद दाराआड, जिथं फक्त कोळसेवाला आणि तेलवाला येणार. कुणाला दाखवायला केलं असेल? ती पुष्कळदा हा विचार करत उभी राहायची आणि बाकीचे चहा पिऊन मोकळे व्हायचे.

शेजारच्या जोत्यावर याचं जुळं भाऊ-इंजिन होतं. ते राबून राबून झिजलं आणि भंगारात गेलं. हे राखीव होतं, क्वचितच चाललं, म्हणून याच्या पट्ट्यांवर बनवणाऱ्यांचा हात जसाच्या तसा राहिला होता. पट्टी सपाट करायची तर फिटर स्क्रेपरनं, म्हणजे एका चपट्या धारेच्या हत्यारानं, उंच असेल तिथलं लोखंड कणाकणानं खरवडतो. प्रत्येक खरवडीची नखाएवढी चंद्रकोर उमटते. त्या बारीक खळग्यांत तेल टिकतं आणि बूट तेलावर तरंगतो. उजव्या पट्टीवरच्या कोरी उजवीकडं कललेल्या होत्या आणि डाव्या पट्टीवरच्या डावीकडं. दोन माणसं, दोन हात. डावीकडचा डावखुरा होता.

फिटरबाईनं त्याचं नाव डावऱ्या ठेवलं होतं. नाव-गाव, चेहरा, काहीही माहीत नव्हतं. पण उजवीकडच्यापेक्षा तो सरस होता हे तिला पहिल्या दिवशी कळलं. उजवीकडचा मध्येच कंटाळायचा, त्याच्या कोरी शेवटाकडं लांबट व्हायच्या. डावऱ्या कधी कंटाळला नाही. फिटरबाई स्वतः एका कारखान्याच्या टूलरूममध्ये हेच काम करत होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं रद्दी लोखंडावर त्याचा हात गिरवून पाहिला होता. उलट्या बाजूनं उभं राहून पाहिलं, डाव्या हातानं पाहिलं. जमलं नाही. तेव्हा तिला हेवा वाटला आणि त्या हेव्याचा आनंदही झाला.

आणि आता बोटाला काही लागत नव्हतं.

पंपघराची मंडळी हळूहळू जमली. इंजिन पुन्हा चालतं करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांनी पट्टी पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "डोळ्यांचं पारणं फिटलं बुवा." त्यांच्या मागून बॉयलरवाला आला. त्याच्या आवाजामुळं त्याला सगळे भोंगा म्हणत. तो पट्टीत बघून मिशी सारखी करू लागला.

"मामा, पुढच्या रविवारी लोक इंजिन बघायला येतील का भांग पाडायला?"

मामा हसला. पण त्याचं लक्ष भाचीकडं होतं.

"पुढच्या रविवारी इंजिन चालणार नाही," फिटरबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी कित्येक वर्षांनी इंजिनात वाफ सोडायची होती. भोंग्यानं बॉयलरची परवानगी मिळवताना जोडे झिजवले होते. गावभर सांगून झालं होतं.

"का बरं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

सपाटी तपासायची बिडाची जाड सरळपट्टी भिंतीशी होती. तिच्या तळाला फिटरबाईनं निळा रंग बोटानं पातळ फासला. "भोंगा, एक टोक धर." दोघांनी ती सरकपट्टीवर ठेवली, जराशी पुढं-मागं घासली आणि उचलली. जिथं लोखंड उंच तिथं निळं लागतं, जिथं खोल तिथं लागत नाही. त्या आरशावर कडेला दोन डाग उमटले, दूर टोकाला एक दाट डाग, आणि मधला सगळा भाग कोरा राहिला.

"मध्ये खड्डा आहे," ती म्हणाली. "कडा गोल झाल्यात. बूट यावर नौकेसारखा डुलणार. आणि तेल टिकणारच नाही. अर्ध्या तासात पट्टी तापून बूट चिकटेल."

"खड्डा कुठला? मला दिसत नाही," मामा म्हणाला.

"तुम्हाला नाही दिसणार."

"अगं, ओरखडे होते ते. सगळीकडं ओरखडे. एवढं राजासारखं इंजिन आणि मधोमध असं, अर्धवट ठेवल्यासारखं. मला दर वेळी खुपायचं. म्हटलं, कुणीतरी घाईत सोडलंय बिचाऱ्याला."

"बिचाऱ्याला," ती म्हणाली. "तो माणूस किती दिवस त्या पट्टीवर ओणवा राहिला असेल माहितेय? तुम्ही त्याला पुसून टाकलंत. आणि वर चहा घेऊन उभे राहिलात."

पोस्टमास्तर खाकरले. ते भांडणात पडणारे नव्हते. "तू म्हणशील तसं," ते फिटरबाईला म्हणाले. "चालवायचं की नाही, तूच ठरव. लोकांना मी सांगेन काय ते." तिला वाटलं होतं ते हट्ट धरतील, मग त्यांच्यावर तरी ओरडता येईल. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

"विचारायचं तरी होतंत," ती पुन्हा मामाकडं वळली. "एक शब्द. घरी रोज समोर बसून जेवत होतात."

"मग गंमत काय राहिली असती?"

"गंमत." तिचे हात खिशातून बाहेर आले होते. "आयुष्यभर तुम्हाला वरचंच दिसलं, मामा. चकाकलं की झालं. खाली काय आहे याच्याशी तुमचं कधी देणंघेणंच नव्हतं."

मामाचं तोंड उतरलं. धातूला मुलामा देणाऱ्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात त्यानं जन्म काढला होता. नळ, कड्या, शस्त्रक्रियेची हत्यारं, मोटारींचे बंपर. पॉलिशच्या चाकासमोर उभं राहून नाकात काळं जात होतं तरी हूं की चूं केलं नाही. बहिणीचा नवरा गेल्यावर तिला नि तिच्या पोरीला घरी आणलं, बहीण गेल्यावर पोरीला वाढवलं, आणि तिनं हत्यार हातात घ्यायचं म्हटलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली तर हा म्हणाला, मुरडू देत, मला नाकंसुद्धा पॉलिश करता येतात.

"आमच्या धंद्यात," तो हळू म्हणाला, "हाताची खूण दिसली तर काम नापास."

थर्मास त्यानं बाकावर ठेवला आणि तो निघून गेला. चहा कुणी प्यायला नाही.

फिटरबाई घरी गेली ती तोंडाला कुलूप लावूनच. बोलली ती मामी. दुसऱ्या संध्याकाळी ती भाचीच्या खोलीत आली, खाटेवर बसली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. घड्या घालताना मामीशी वाद घालून कुणी जिंकलेलं नव्हतं.

"जेवला नाही तो."

"मी सांगितलं नाही उपाशी राहायला."

"तू काय सांगितलंस ते भोंग्यानं सगळ्या गल्लीला सांगितलंय. त्याच्या आवाजात." मामीनं एक चादर झटकली. "रोज नखं काळी करून घरी यायचा. विचारलं तर लहान पोरासारखा हसायचा. मला वाटलं, या वयात कुठं जीव जडला की काय."

"मामी, ते परत येणारं नाही. त्या माणसाचं जगात तेवढंच राहिलं असेल."

"असेल. मी कुठं नाही म्हणते? चूक केली, मोठी केली. राग धर, वर्षभर धर." मामीनं घडी गुडघ्यावर दाबली. "पण वरचंच दिसलं म्हणालीस ना, ते त्याला लागलंय. त्यानं चकाकवलेलं सामान कुणाच्या घरी आहे, त्याला ठाऊक नाही. आहे की मोडीत गेलं तेही नाही. तुझ्या डावखुऱ्याच्या निदान कोरी तरी होत्या."

फिटरबाईला या बोलण्याचाही राग आला. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मामी घड्या संपवून गेली आणि जाताना दिवा तसाच ठेवून गेली.

सकाळी तिनं कारखान्यात रजा कळवली आणि स्क्रेपर, धारेचा दगड, निळ्या रंगाची डबी घेऊन पंपघर गाठलं. रविवारी इंजिन चालवायचं तर तोवर रोज पट्टी खरवडायला हवी. म्हणजे मामानं घासली त्याहून खोल जायचं, सगळी एका पातळीत आणायची. सरळपट्टी उचलायला दुसरं माणूस लागतं, तिनं भोंग्याला गृहीत धरलं होतं. पण भोंगा बॉयलरच्या पोटात शिरलेला, आतून त्याचे नुसते पाय आणि शिव्या बाहेर येत होत्या.

दारात मामा उभा होता. जुना कामाचा डगला घालून.

"भोंग्यानं बोलावलं," तो म्हणाला. "वजन उचलायला."

तिनं निळ्या रंगाची डबी उघडली. त्यानं ते होकारासारखं घेतलं.

मग काम सुरू झालं. निळं फासायचं, दोघांनी उचलायचं, ठेवायचं, घासायचं, उचलायचं, मग तिनं ओणवं होऊन डाग खरवडायचे, पुसायचं, पुन्हा निळं. पहिली खरवड आरशावर बसली तेव्हा करकर असा आवाज झाला आणि छताच्या तुळईचे दोन तुकडे झाले. मामानं श्वास आत घेतला.

"सगळं काढणार?"

"सगळं."

"हूं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "एवढं चांगलं पॉलिश माझ्या हातून कारखान्यातही झालं नव्हतं."

"माहितेय," ती म्हणाली आणि खरवडत राहिली. तिला खरंच माहीत होतं. तोच तर संताप होता. कुणी आडमुठ्यानं हातोडा मारला असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. हे काम जीव ओतून केलं होतं; एक लाट नाही, एक डाग नाही. आणि ती ते ओरबाडत होती.

दोन दिवस असेच गेले. कामापुरते शब्द. "उचल." "जरा डावीकडं." "ठेव." मामाची नजर मात्र कामाची निघाली. पॉलिशवाल्याला चकाकीतला बारीक फरक आधी दिसतो. "इथं अजून निळं दाट आहे," तो बोट न लावता दाखवायचा.

"मला दिसतंय," ती फटकारायची. दिसलेलं नसायचं. मग ती तिथं खरवडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विचारलं, "तो उभा कसा राहत असेल? डावखुरा?"

"कसं सांगू? बघायला ठेवलंयस काय?"

मामा फडकं हातात पिळत राहिला. मग म्हणाला, "एक जागा राहिलीय. सांगितलं नाही, कारण मलाच लाज वाटत होती. सिलिंडरच्या झाकणाच्या नटांआड माझं चाक पोचलं नाही. काम अर्धं राहिलं म्हणून मी तिथं ग्रीस फासून ठेवलं."

तिनं स्क्रेपर खाली ठेवला. टॉर्च घेऊन ती पालथी पडली, नटांच्या आड हात घातला आणि ग्रीस पुसलं. चार बोटांएवढी जागा. त्यात डावऱ्याच्या कोरी होत्या, एकीला एक लागून, डावीकडं कललेल्या, जणू काल केलेल्या.

ती बराच वेळ उठली नाही.

"आहेत ना?" मामा अधीर होऊन म्हणाला. "आहेत ना गं? म्हणजे अगदीच गेलं नाही. असू देत तिथं. लोकांना दाखवता येतील."

ती उठून बसली. गालाला ग्रीस लागलं होतं. "मामा, ह्या टोकाला पहिल्या दिवसापासून निळं दाट लागतंय. मी म्हणत होते, का. तू बाकीची पट्टी खाली नेलीस, मी आणखी खाली नेली. ही जागा सगळ्यांत उंच राहिलीय. बुटाचं टोक प्रत्येक फेरीत इथपर्यंत येतं. प्रत्येक फेरीत तो इथं आपटणार."

मामाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो बाकावर बसला.

"मग नको चालवू. पोस्टमास्तर म्हणालेत ना, तू ठरव. नको चालवू. मी सांगतो सगळ्यांना, माझ्यामुळं झालं म्हणून."

"तू सांगशील. म्हणजे इंजिन बंद राहणार आणि मी चार बोटं जागेची राखण करत बसणार. डावऱ्यानं हे इंजिन टॉर्च मारून बघायला केलं होतं का?" तिचा आवाज चढला आणि बॉयलरमधली खडखड थांबली. "एवढी पट्टी तू पुसलीस, आणि शेवटची चार बोटं माझ्या हातानं पुसायला ठेवलीस. हे मी तुला माफ करणार नाही, मामा. बाकीचं करेन. हे नाही."

मामानं मान हलवली. नकोच करूस माफ, असं म्हणाल्यासारखी.

ती लहान स्क्रेपर घेऊन पुन्हा आडवी झाली. धार टेकवली, आणि थांबली. "टॉर्च धर. आणि तिकडं कुठं बघतोस? इथं बघ. मी एकटीनं बघणार नाही."

मामा गुडघे मोडून खाली बसला. त्याच्या गुडघ्यांना आता खाली बसवत नव्हतं. तो भिंतीला धरून, कण्हत बसला. टॉर्चचा उजेड त्यानं कोरींवर धरला. त्यानं एक बोट पुढं केलं आणि पहिल्या कोरीवर ठेवलं, हलकेच, जसं कधी त्यानं धातूला लावलं नव्हतं.

"खोल आहे," तो म्हणाला. "डोळ्याला वाटतं तशी नाही. कड आहे तिला."

"बोट काढ."

त्यानं काढलं. तिनं खरवडलं. मग त्यानं पुढच्या कोरीवर ठेवलं. असं एकेक चाललं. तिनं त्याला घाई केली नाही आणि धीरही दिला नाही. रागानं तिचे दात आवळलेले होते, पण हात सरळ चालत होता, कारण हात वाकडा चालला असता तर ते डावऱ्याला शोभलं नसतं. तिच्या कोरी उजवीकडं कलत होत्या. दुसरीकडं कलवणं तिला जमणारं नव्हतं, आणि खोटं करायचं नव्हतं.

शेवटची संपली तेव्हा खिडकीतलं ऊन चाकाच्या आऱ्यांवरून सरकून गेलं होतं. बॉयलरमधून भोंगा बाहेर आला, दोघांना जमिनीवर बघून काहीतरी चेष्टा करायला त्यानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसतं मिटलं.

ती उठली. मामाला उठवायला तिनं हात दिला. तो तिला द्यावाच लागला, नाहीतर तो तिथंच राहिला असता. निळं फासलं. दोघांनी सरळपट्टी ठेवली, घासली, उचलली. डाग या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक, सारखे, पसरलेले. ती वाकून बघत राहिली. मामाही बघत राहिला, आणि या खेपेला तिला काही दाखवायला त्याला सापडलं नाही.

"चालेल?"

"चालेल."

"राग गेला?"

"नाही."

"बरं," मामा म्हणाला. त्यानं फडकं घेतलं आणि पट्टीवरचं निळं पुसायला सुरुवात केली. पुसताना तो हात अजिबात दाबत नव्हता.